तळाची माती

तळाशी माझा हात कुणीतरी धरला.

तिखटमीठ लावून सांगायची मला सवय नाही, आणि आता या वयात लावून मिळणार तरी काय? जसं झालं तसं सांगते. गावची यात्रा तोंडावर आली होती, मी माहेरी आले होते आणि भर दुपारी आमच्या चिंचेखालच्या विहिरीत बुडी मारली होती. भावाच्या पोरी आणि शेजारच्या चार-दोन जणी काठावर बसून ओरडत होत्या, आत्या तळ आण, आत्या तळ आण.

आमच्याकडं नुसतं पोहता येतं म्हणून कुणाचं कौतुक होत नाही. तळ आणावा लागतो. म्हणजे सूर मारायचा, पार बुडाशी जायचं, मूठभर गाळ उचलायचा आणि वर येऊन मूठ उघडून दाखवायची. मूठ रिकामी निघाली की पोरं टाळ्या पिटून हुर्यो करतात. चिंचेखालची विहीर आमच्या भावकीत सगळ्यात खोल. तिचा तळ आणणारे बाप्ये हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच, आणि बायकांत मी एकटी. लग्न झालं, दोन पोरं झाली, तरी दर यात्रेला येऊन मी तळ आणायचेच. सासूबाई म्हणायच्या, बाईच्या जातीला हे कसलं खूळ. असेल खूळ. पण खाली गेलं की वरचा सगळा कालवा मिटतो, आपलं काळीज आपल्याला ऐकू येतं, आणि वर येताना डोक्यावरचा उजेड मोठा मोठा होत जातो. त्या उजेडासाठी मी वर्षभर धुणीभांडी करत होते म्हटलं तरी चालेल.

त्या साली तर मी त्या एका बुडीची वाट बघूनच दिवस काढले होते. दिवाळीपासून माझं काहीतरी बिनसलं होतं. कारण विचारू नका, सगळ्यांनी विचारून झालं. नवरा साखर कारखान्यात कायम नोकरीवर, कधी हात न उगारणारा. सासू तोंडाची फटकळ, पण पोटात माया. पोरं धडधाकट. तरी सकाळी उठले की वेणी घालायला हात वर जायचा नाही. भाकरी थापता थापता मी थांबायचे आणि तव्यावरची करपून जायची. हसू येईना, रडूही येईना. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार? शेजारणी म्हणाल्या, हिला सुख दुखतंय. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. एवढीच आशा धरून होते की माहेरी जाईन, विहिरीत बुडी मारीन आणि वर येईन ती पहिली शालन होऊन येईन.

आणि तिथं हे.

मी गाळात मूठ रुतवली आणि गाळातून बोटं आली. माझ्या बोटांच्या मधून सरकली. बांगड्या भरताना कासारीण आपला हात चेपत चेपत कसा मऊ करून धरते, तसा धरला. ओढला नाही. हिसका नाही, झटका नाही. नुसता धरून ठेवला.

मी वर आले तेव्हा मूठ रिकामी होती. पोरींनी हुर्यो केली. खालच्या पायरीवर धुणं घेऊन बसलेली गजरावैनी तेवढी हसली नाही.

"लई येळ लावलासा, वन्सं," ती म्हणाली.

गजरावैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, हणमंतदादाची बायको. माणदेशातली. हंडाभर पाण्यासाठी कोसभर चालायचं अशा गावात वाढलेली. एवढं पाणी एका जागी तिनं लग्न झाल्यावरच पाहिलं, आणि पाहिलं त्या दिवशीच त्याची धास्ती घेतली. विहिरीला कडेनं दगडी पायऱ्या होत्या म्हणून ती धुण्याला तरी यायची, पण घोट्याच्या वर पाणी लागू द्यायची नाही. मी चिडवायचे, वैनी, तुला ढकलून दिली तर गं? ती म्हणायची, मग तुमच्या दादाला दुसरी आणा, माझ्यापेक्षा उजळ. त्या दुपारी मात्र दोघींपैकी कुणालाच चेष्टा सुचली नाही. मी ओल्या लुगड्यानं तिच्याजवळून वर गेले आणि डोकं दुखतंय म्हणून घरात जाऊन पडले.

यात्रा झाली. पालखी निघाली, कुस्त्या झाल्या, पाहुणे जेवून गेले. मी कशातच नव्हते. नवरा न्यायला आला, माझी कळा बघून म्हणाला, रहा अजून थोडी, विसावा घे, पोरांना मी आणि आई बघतो. जायच्या आधी मला कऱ्हाडला नेऊन एका डॉक्टरांना दाखवलं. माणूस चांगला होता. झोप येते का, जेवण जातं का, मनात काय येतं, सगळं नीट विचारलं. झोपेचं आणि जेवणाचं मी सांगितलं. मनात काही येत नाही, असं मी सांगून टाकलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि पुन्हा यायला सांगितलं. विहिरीच्या तळाशी माझा हात कुणी धरला हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार होते?

तिथून पुढं भीती घरात आली. आधी ती पाण्यातच होती. बादलीत हात घालायचा म्हटलं की अंगावर काटा यायचा. रांजणातून पाणी काढताना वाटायचं, तांब्या बुडाला की मागून हातही जाईल आणि खालून बोटं येतील. मी तांब्याच्या गळ्याला दोरी बांधली आणि लांबूनच पाणी शेंदायला लागले, घरातल्या रांजणातून. मग ती पाणी सोडून इतरत्रही शिरली. पिठाच्या डब्यात तळाचं पीठ काढायला कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच बाहेर ओढला, डबा उपडा झाला. गादीच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत हात लोंबू नये म्हणून मी तो छातीशी धरून निजायचे. मला पुरतं कळत होतं की हे खुळेपण आहे. रांजणात कोण बसणार? कळून उपयोग काय, हात पुढं जायचा नाही.

आणि एक गोष्ट मी माझ्या मनाशीही बोलत नव्हते. ती पुढं सांगते.

वैनीनं ती दोरी बांधलेला तांब्या बघितला. चुलीसमोर माझ्याजवळ बसली आणि भाकरीचं पीठ मळता मळता विचारलं, काय दिसलं खाली? मी म्हटलं, दिसलं नाही, लागलं. हात लागला. बाईचा.

मला वाटलं ती हसेल. ती पिठाकडं बघत म्हणाली, "धाकटीचा आसंल."

आमच्या विहिरीच्या कडेला देवळीत सात दगड आहेत, शेंदूर लावलेले. साती आसरा, पाण्यातल्या बाया. थोरल्या सहा जणी नांदत्या, पण धाकटी एकटी पडलेली, तिला सोबत लागते असं गावात म्हणतात. वैनीनं दुसऱ्याच दिवशी सगळं साग्रसंगीत केलं. दहीभाताचा निवद, हिरवा चोळीचा खण, हिरव्या बांगड्या, सात लिंबं. मला हात जोडायला लावले. "आई, आमच्या लेकीला सोड, तिला पोरंबाळं हायती," असं वैनी इतक्या काकुळतीनं म्हणाली की मला तिचीच कीव आली. खण आणि बांगड्या पाण्यात सोडल्या. बांगड्या बुडताना मी बघत होते. हळूहळू, एकमेकींना न लागता खाली गेल्या. घरी येऊन रांजणाजवळ गेले तर हात तसाच आखडला.

मग दादानं मनावर घेतलं. तो देवभोळा नव्हता. म्हणाला, हिच्या डोक्यात बसलंय ते नजरेला पडल्याशिवाय निघायचं नाही. नाहीतरी उन्हाळ्यानं पाणी खाली गेलंय, गाळही साठलाय, विहीर उपसूनच टाकू. इंजिन लावलं. सकाळपासून धडधड चालली होती, पाणी पाटानं उसात जात होतं, आणि मी चिंचेखाली बसून विहिरीची पातळी उतरताना बघत होते. लहानपणापासून ज्या पाण्यात पोहले त्याच्या आतल्या भिंती मी पहिल्यांदा बघितल्या. हिरव्या, घामेजलेल्या, कपारीकपारीत खेकडे. तळ उघडा पडला तेव्हा मला वाटलं, आपण बघू नये ते बघतोय. मी मान फिरवली.

गडी खाली उतरले. टोपल्यांनी गाळ वर यायला लागला. त्यात चेपलेली कळशी निघाली, विळा निघाला, कुणाच्या तरी पोराचा बूट निघाला. वैनीच्या हिरव्या बांगड्या निघाल्या, काही फुटक्या, काही शाबूत. आणि दुपारी दादा स्वतः खालून ओरडला. शिडीवरनं वर आला तो हसतच. त्याच्या हातात एक हात होता.

गणपतीचा. प्लास्टरच्या मूर्तीचा, मनगटातून तुटलेला, आशीर्वादाचा उजवा हात. विहिरीत गणपती सोडायची आमच्याकडं रीतच आहे. शाडूचा असला की चार दिवसांत विरघळून जातो, पण अलीकडं लोक प्लास्टरचे आणायला लागले होते, ते वर्षानुवर्षं तळाशी तसेच पडून राहायचे. रंग गेला होता, बोटं गुळगुळीत झाली होती.

"ही घे तुझी बाई," दादा म्हणाला. "आगं, देवानं हात धरला तुझा, आन तू भ्यालीस?"

सगळे हसले. गडी हसले, पोरी हसल्या. वैनीनं कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि तिच्या जिवात जीव आल्यासारखी ती खाली बसली. सगळे माझ्याकडं बघत होते. दादाचे गुडघ्यापर्यंत पाय गाळात माखले होते, डोळे उन्हानं लाल झाले होते. दिवसभर हा माणूस माझ्यासाठी राबला होता. मी तो हात हातात घेतला.

"हाच," मी म्हटलं.

त्या रात्री घरात गोडधोड झालं. मी पानावर बसले, हसले, वाढून घेतलं. पण प्लास्टरच्या त्या हाताची बोटं एकमेकांना चिकटलेली होती. ताटासारखा सपाट तळवा, चारी बोटं जोडलेली. माझ्या बोटांच्या मधून ती जाणार कुठून?

गडी पुढं दोन-तीन दिवस खपत राहिले. सगळा गाळ काढला, खाली काळा कातळ लागला, तो फडक्यानं पुसल्यासारखा लख्ख केला. मग इंजिन बंद केलं. कपारीतले झरे मोकळे झाले होते, पाणी बघता बघता चढलं. काचेसारखं स्वच्छ. दादा म्हणाला, आता खुशाल पोह. मी हो हो म्हटलं.

आठवडा गेला असेल. एके दुपारी जेवणं होऊन घर आडवं झालं होतं. दादा ओसरीवर घोरत होता, पोरी चिंचा फोडता फोडता तिथंच झोपल्या होत्या. मी उठले. कुणाला सांगितलं नाही. उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. विहिरीपाशी गेले, पायऱ्या उतरले, शेवटच्या कोरड्या पायरीवर बसले आणि पाण्याकडं बघत राहिले. पाणी इतकं निवळ होतं की खालचा कातळ दिसत होता. काहीही नव्हतं तिथं. आणि तरी मला माहीत होतं की आहे.

किती वेळ बसले ठाऊक नाही. मागं बांगड्या वाजल्या. गजरावैनी एकेक पायरी बसत बसत उतरत होती, लहान पोर उतरतं तशी. खांद्यावर बैलाचा लांब कासरा होता. माझ्या वरच्या पायरीवर येऊन टेकली. दम लागला होता तिला, उतरण्याचा नव्हे, पाण्याचा.

"त्यो हात न्हवता न्हवं?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

"तवाच दिसलं मला. तुम्ही हाच म्हनलासा आन तुमच्या दादाकडं बगितलासा. हाताकडं बगितलाच न्हाईसा."

मग मात्र मला राहवलं नाही. जे स्वतःशी बोलले नव्हते ते त्या माणदेशी बाईजवळ बोलले. म्हटलं, "वैनी, मला त्या हाताची भीती वाटत नाही गं. त्यानं मला ओढलंच नाही. नुसता धरला. आणि मला बरं वाटलं. दिवाळीपासून पहिल्यांदा बरं वाटलं. मी सोडवून घेतला नाही. छाती फुटायला आली तरी मी तिथंच होते. वर कशी आले मला माहीत नाही. आता रांजणात हात घालताना वाटतं, तो आला तर मी सोडणार नाही. मला माझी भीती वाटते."

बोलून झालं आणि मला हुंदका फुटला. कित्येक महिन्यांत आला नव्हता तो आला. वैनीनं मला जवळ घेतलं नाही, डोळे पुसले नाहीत, असं बोलू नये म्हणून दटावलं नाही. ती कासरा सोडवत होती. एक टोक तिनं माझ्या कमरेभोवती घेतलं आणि गाठ मारली, नव्यानं पोहायला शिकणाऱ्या पोराला मारतात तशी, पाठीशी. भावकीतल्या सगळ्यात खोल विहिरीचा तळ आणणारी मी, आणि माझ्या कमरेला दोर. एरवी मी कुणाला बांधू दिला नसता. त्या दिवशी गप्प उभी राहिले. मला वाटलं, दुसरं टोक ती हातात धरील, नाहीतर वरच्या खुंटीला अडकवील.

तिनं ते स्वतःच्या कमरेला बांधलं. तीन-तीन गाठी मारल्या आणि दातानं आवळल्या.

"जावा आता," ती म्हणाली. "तुमाला थितं बरं वाटतंय, तर जावा. पर तुम्ही खाली ऱ्हायलासा तर मीबी येनार. मला पवायला येत न्हाई, ठावं हाय न्हवं तुमास्नी?"

तिचे ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, वैनी, सोड ते, खुळी आहेस का. तिनं गाठीवर हात ठेवला आणि पाण्याकडं बघतच राहिली.

मी सूर मारला.

कान मिटले. काळीज वाजायला लागलं. खाली खाली गेले, थंडी वाढत गेली, कासरा पाठीवरून सुटत येत होता. कातळाला हात लागला. गुळगुळीत, उघडा, स्वच्छ कातळ. मी पंजा उघडून त्यावर टेकवला आणि थांबले.

तो आला. बोटांमधून बोटं सरकली, हळूच, ओळखीची असल्यासारखी. ओढलं नाही. आणि तेच सुख, तीच शांतता. कुणाला जेवायला वाढायचं नव्हतं, कुणाला बरी आहे म्हणून सांगायचं नव्हतं. छातीत कळ यायला लागली, ती जणू दुसऱ्याच कुणाच्या छातीत.

कमरेला हिसका बसला.

मग दुसरा. मग ओळीनं, ताल ना सूर, घाबरलेलं वासरू दाव्याला देतं तसे. त्या हिसक्यांत मला स्पष्ट कळलं की वैनी पायरीवरून पुढं आली आहे. दोर जितका होता तितका संपला होता आणि ती बाई पाण्यात उतरली होती.

मी हात सोडवायला गेले. सुटेना. जोर केला तरी सुटेना. मग मला जे कळलं त्यानं मी आजही दचकते. मूठ माझी वळलेली होती. त्यानं मला धरलंच नव्हतं, मीच त्याला धरून होते. माझं एकेक बोट मी उघडलं, जड दार ढकलावं तसं, आणि शेवटचं उघडल्याबरोबर कातळाला लाथ मारून वर निघाले.

वर आले तर वैनी छातीपर्यंत पाण्यात. एका हातानं पायरीची कड धरलेली, दुसऱ्या हातानं कासरा ओढत होती, डोळे गच्च मिटलेले, आणि आसरांची सातही नावं घेऊन त्यांना अशा शिव्या देत होती की मी तिच्या तोंडून तशा कधी ऐकल्या नव्हत्या. मी तिला धरून पायरीवर घेतलं. दोघी खोकत, कापत बसलो. मग तिनं माझी अजून अर्धवट वळलेली मूठ बघितली.

"तळ आनलासा?" म्हणाली.

मी मूठ उघडली. आत गाळ होता. काळा, थंड, मूठभर.

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. गाळ तर सगळा काढला होता. काठावरनं कातळ दिसत होता. वैनीनं पदराच्या टोकानं माझा तळवा पुसला, बोटांच्या मधल्या जागाही पुसल्या, आणि तो पदर पाण्यात न बुडवता तसाच पिळून टाकला. त्याबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

मी एका दिवसात बरी झाले असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. पुढच्या रविवारी कऱ्हाडला गेले तेव्हा डॉक्टरांना सगळं सांगितलं, हाताचं आणि मुठीचंही. ते हसले नाहीत. गोळ्या बदलल्या, दर पंधरवड्याला बोलवायला लागले, आणि ते बरेच महिने चाललं. पण तो सगळा उन्हाळा दर दुपारी आम्ही दोघी विहिरीवर जायचो. वैनी गाठ मारायची, मी बुडी मारायचे. तो हात कधी यायचा, कधी नाही. आला की मी बोटं उघडायचे आणि वर यायचे. पावसाळ्याच्या तोंडाला मी रांजणात तांब्या बुडवला तो दोरीशिवाय, आणि बुडवल्यावरच ते माझ्या ध्यानात आलं.

पुढं मी बऱ्याच पोरींना पोहायला शिकवलं, भावकीतल्या, सासरच्या. वैनीला म्हटलं, तूही शिक, एवढी वर्षं माझ्यापायी छातीभर पाण्यात उभी राहतेस, पाय घसरला तर? दर यात्रेला म्हणायचे. केस पांढरे झाले तरी ती दर यात्रेला कासरा घेऊन यायची, आणि दर वेळी मान हलवायची. शेवटी एकदा मी चिडले, म्हटलं कारण तरी सांग.

ती माझ्या पाठीशी गाठ आवळत होती.

"मला पवाय याया लागलं," ती म्हणाली, "तर तुम्ही वर कशापायी येशीला?"

ती शेवटपर्यंत शिकली नाही.